सात वस्तऱ्यांची खातेनिहाय चौकशी

आत्मज्ञानाची वाट किती बिकट आहे हे मुमुक्षूच्या मनावर बिंबविण्यासाठी कठोपनिषदाच्या कर्त्यास साऱ्या सृष्टीत वस्तऱ्याच्या धारेइतका समर्पक दृष्टांत दुसरा सापडला नाही. आणि पुढे कित्येक शतकांनी सॉमरसेट मॉम या इंग्रज कादंबरीकारासही त्याच धारेचा मोह पडून १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीचे नाव त्याने तेथूनच उचलले. या उभयतांच्या प्रतिभेविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक शंका नोंदविल्यावाचून राहवत नाही. धार आहे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. ती तीक्ष्ण आहे, तिच्यावरून चालणे दुष्कर आहे, हे सारे मान्य. परंतु तीच धार मृगात फडताळात ठेवली आणि भाद्रपदात बाहेर काढली, तर चालण्याजोगे काही शिल्लक राहते काय, या कोकणातील मूलभूत प्रश्नाला उपनिषदांत उत्तर नाही आणि इंग्रजी वाङ्मयातही नाही. आमच्या थोरल्या मामांनी मात्र या प्रश्नाची रीतसर चौकशी केली, पंचनामे केले, जबान्या घेतल्या आणि शेवटी निकालही दिला. आणि त्या चौकशीत कारकुनाचे काम आमच्याकडे असल्यामुळे तिची मिसल आम्हांस जवळजवळ मुखोद्गत आहे.

मामा पेन्शनर मामलेदार. तीस वर्षे देशावरच्या तालुक्यांतून जमाबंदी करीत फिरल्यामुळे त्यांना दोन गोष्टींची सवय जडली होती : पहिली, कोणत्याही घटनेकडे ‘प्रकरण’ म्हणून पाहण्याची, आणि दुसरी, स्वतःची दाढी स्वतः करण्याची, कारण दौऱ्यावरच्या मुक्कामी न्हावी मिळेलच असा भरवसा नसे. या दुसऱ्या सवयीला राजाश्रय मिळाला तो १९४७ साली, जेव्हा पुण्याच्या लष्कर भागात विलायतेस परतणाऱ्या एका गोऱ्या अंमलदाराच्या चीजवस्तूंचा लिलाव झाला आणि त्यात मामांनी शेफील्डच्या सात वस्तऱ्यांची एक पेटी घेतली. बाहेरून चामड्याने मढविलेली, आतून जांभळ्या मखमलीचे अस्तर लावलेली अशी ती पेटी होती. आत सात खाचा, सात खाचांत सात वस्तरे, आणि प्रत्येक पात्याच्या पाठीवर रविवारपासून शनिवारपर्यंत एकेका वाराचे इंग्रजी नाव कोरलेले. अशा सप्ताहपेट्या त्या काळी श्रीमंत इंग्रजांच्या घरी असत, कारण धारेलाही विश्रांती लागते, एका दाढीनंतर तिला काही दिवस स्वस्थ पडू दिले तर ती अधिक सुखद चालते, अशी तिकडे समजूत होती. आठवड्यातून एक दिवस काम आणि सहा दिवस रजा ही सेवाशर्त मामांना इतकी आवडली, की लिलावाची बोली त्यांनी हातातली छत्री वर करून एकदम दुप्पट केली.

पण ही पेटी ज्या संस्कृतीत जन्मली तेथे सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे दाढीचे दिवस असतात. मामांच्या घरी सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. आणि मंगळवार हा खुद्द मामांचा जन्मवार. त्यामुळे सात वस्तऱ्यांपैकी रविवार, बुधवार आणि शुक्रवार हे तिघेच काय ते कामावर रुजू होते. बाकीच्या चौघांची नेमणूक झाली होती, हुद्दा मिळाला होता, मखमलीची जागाही मिळाली होती, पण हातून एकही केस कापला गेलेला नव्हता. त्यांतच मामा सहकुटुंब श्रावण पाळीत. श्रावणात दाढी नाही, म्हणजे त्या महिन्यात सातही वस्तरे एकदमच रजेवर. पंचांगाने हा महिना निवडताना वस्तऱ्यांचा विचार केलेला नाही हे उघड आहे. कारण पाऊस ऐन भरात असतो, भिंतींना घाम फुटलेला असतो, आणि पोलादाला रोज कोणीतरी पुसावे अशी जेव्हा सर्वांत अधिक निकड असते, नेमका तेव्हाच त्याच्याकडे पाहणे हा धर्मभंग ठरतो.

पुण्यास असेतो या व्यवस्थेला बाध आला नाही. तेथे वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि आठ महिने हवा इतकी कोरडी असते, की गंजाला स्वतःच्या हिमतीवर फारसे काही करता येत नाही. पण पेन्शन घेऊन मामा दापोलीस वडिलोपार्जित घरी आले. दापोलीस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, जुलैत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली सहसा उतरत नाही, घर जांभ्या दगडाचे, आणि जांभा हा पाणी पिण्याच्या बाबतीत संकोच न करणारा दगड. शिवाय नैर्ऋत्येचा वारा एकटा येत नाही. समुद्राचे सूक्ष्म मीठ बरोबर घेऊन येतो. पेटी ओटीवरच्या लोखंडी कपाटात, नेमकी पश्चिमेच्या भिंतीशी, कुलूपबंद ठेवलेली होती. पिठोरी अमावास्या उलटली, गणपती चार दिवसांवर आला, आणि श्रावणभर वाढलेली दाढी उतरविण्यासाठी मामांनी कुलूप काढून पेटी उघडली, तेव्हा आतून जो वास आला तो वस्तऱ्यांचा नव्हता. एखाद्या जुन्या दवाखान्याचा होता.

दुसरा कोणी असता तर हळहळला असता. मामांनी पाट मागविला, टाक-दौत मागविली, आम्हांस समोर बसविले आणि पंचनामा सुरू केला.

पंचनाम्यात जे निष्पन्न झाले ते असे. रविवार व बुधवार या दोघांवर किरकोळ ठिपके. सोमवार आणि मंगळवार यांच्या पात्यांवर तपकिरी नक्षी, धारेला जागोजाग खाचे. गुरुवार आणि शनिवार जबर जायबंदी. आणि शुक्रवार, जो आषाढापर्यंत इमानेइतबारे कामावर होता, तो सर्वांत वाईट अवस्थेत. त्याच्या पात्याचा मधला भाग खरवडून काढल्याप्रमाणे झालेला, आणि मूठ चिकट, भेगाळलेली. “जो कधी पाण्यात गेला नाही त्याला गंज,” मामा म्हणाले, “आणि जे पाण्यात जात होते त्यांतले दोघे शाबूत, तिसरा मोडीत. यात काहीतरी काळेबेरे आहे. लिही.”

येथे मामांचे धाकटे चिरंजीव, जे मुंबईस रसायनशास्त्र शिकत होते आणि गणपतीच्या सुटीत घरी आले होते, त्यांनी तज्ज्ञ साक्षीदार म्हणून जबानी दिली. ती पुष्कळ लांब असल्यामुळे येथे सारांशाने देतो. लोखंड हे खाणीतून अशुद्ध रूपात निघते आणि माणसाने त्याला भट्टीत घालून सुधारले तरी परत मूळ रूपात जाण्याची त्याची ओढ सुटत नाही. पाणी आणि प्राणवायू भेटले की ते परतीची वाट धरते. वस्तऱ्याचे पोलाद शेकडा एक भागाच्या आसपास कार्बन असलेले, बेंजामिन हंट्समन या इसमाने १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ मुशीत वितळवून सिद्ध केलेल्या पोलादाच्या कुळातले. त्याला धार उत्तम येते, पण गंजाशी त्याचे वैर नाही. गंजास विरोध करणारे क्रोमियमयुक्त पोलाद त्याच शेफील्डात हॅरी ब्रेअर्ली याने तयार केले ते १९१३ साली, बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून चाललेल्या प्रयोगांतून. म्हणजे आपल्या पेटीचा जन्म झाल्यावर. त्यातून वस्तऱ्याची धार एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असते. नांगराच्या फाळाला जो गंज वर्षभरात कळतही नाही, तेवढा गंज वस्तऱ्याची धार एका रात्रीत संपवितो. आणि हवा किती दमट असली म्हणजे लोखंड गंजू लागते याला मर्यादा आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात व्हर्नन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे, की सुमारे ६० टक्क्यांच्या खाली गंज मंद असतो आणि त्यावर तो झपाट्याने वाढतो. परंतु पात्यावर मीठ बसले असेल तर ही मर्यादाही राहत नाही, कारण साधे मीठ ७५ टक्क्यांवर स्वतःच पाणी होते आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांवरच.

“म्हणजे गुन्हा हवेने केला,” मामा म्हणाले. “पण हवेला आत घेतले कोणी? ती पेटी बंद होती.”

“अण्णा, पेटी बंद होती म्हणूनच तर,” चिरंजीव म्हणाले.

या एका उत्तराने चौकशीला निराळे वळण लागले. आजवर बाहेरच्या चोराचा शोध चालला होता. आता संशय पहारेकऱ्यांवर गेला. एकामागून एक त्यांना पुढे बोलावण्यात आले आणि मिसलीत जे दाखल झाले ते वाचून रक्षणाच्या संस्थेवरचा आमचा विश्वास कायमचा उडाला.

आरोपी क्रमांक एक, मखमल. हिच्यावर वस्तऱ्याला ओरखडा पडू न देण्याची कामगिरी सोपविलेली. प्रत्यक्षात तिने आषाढातली ओल शोषून घेतली आणि ती पात्याच्या अंगाशी श्रावणभर धरून ठेवली. आरोपी क्रमांक दोन, चामडे. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यात आम्ल असते, आणि ओलावा धरण्याची त्याची क्षमता मखमलीहून कमी नव्हे. आरोपी क्रमांक तीन, लोखंडी कपाट. रात्री ते बाहेरच्या भिंतीबरोबर थंड होई आणि सकाळी किल्ली फिरली की ओटीवरची दमट हवा आत शिरून थंड पोलादावर दंवाच्या रूपाने उतरे; म्हणजे पेटी नीट आहे ना, हे पाहण्यासाठी मामा ज्या ज्या वेळी कपाट उघडीत, त्या त्या वेळी ते वस्तऱ्यांना एक अदृश्य आंघोळ घालीत. आरोपी क्रमांक चार, खोबरेल तेल. घरच्या वाडीतल्या नारळांचे, शुद्ध, निर्मळ; पण महिनोन्महिने पात्यावर राहिलेले तेल खवट होते, खवटपणा म्हणजे आम्ल सुटणे, आणि हे आम्ल धारेवर काम करीत राहते. “तेल घरचे होते,” मामा खिन्नपणे म्हणाले. “घरभेदी,” आम्ही लिहिले.

परंतु मुख्य आरोपी निघाला तो शुक्रवारची मूठ. बाकीच्या सहा वस्तऱ्यांच्या मुठी हाडाच्या होत्या. शुक्रवारची मूळची मूठ कधीतरी मोडल्यामुळे त्या गोऱ्या अंमलदाराने तिच्या जागी कासवाच्या पाठीसारखी दिसणारी सेल्युलॉइडची मूठ बसवून घेतली होती. सेल्युलॉइड ही वस्तू एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जॉन हायट याने नावारूपास आणली. हस्तिदंताचे बिलियर्डचे चेंडू महाग झाले म्हणून त्यांना बदली शोधण्याच्या खटपटीतून. ती दिसण्यात देखणी, पण वयोमानाने आतून कुजू लागते आणि कुजताना तिच्यातून नत्राचे वायू सुटतात, जे हवेतल्या ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल बनतात. म्हणजे शुक्रवारचे पाते मिटवून ज्या मुठीच्या पोटात सुरक्षित ठेवले जात होते, ती मूठच त्याला आतून खात होती. आणि पेटी घट्ट बंद असल्यामुळे तो धूर बाहेर न जाता शेजारच्या गुरुवार आणि शनिवार यांच्या अंगावर जात होता. हे ऐकून मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत अशी कचेरी त्यांनी पाहिली असावी.

एक कलम मात्र पुढे मिसलीतून गाळण्यात आले. रविवारच्या पात्यावरचे ठिपके भिंगातून पाहिले असता ते विखुरलेले नसून अंगठ्याच्या ठशाच्या रेषांप्रमाणे मांडलेले आढळले. कारण घामात मीठ असते आणि पात्याला अंगठा लावला की तो ठसा गंजाच्या शाईने उमटतो. कलकत्त्यास ठशांची सरकारी कचेरी १८९७ साली निघाली हे मामांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी तात्काळ घरातल्या सर्वांचे अंगठे शाईत बुडवून कागदावर घेतले. ठसा मामांचाच निघाला. पाहुण्यांना धार दाखविताना तो पडला असावा, एवढीच तोंडी नोंद झाली आणि कागद चुलीत गेला.

आता उपाययोजना. चिरंजिवांनी दोन सुचविल्या. पहिली अशी, की अमेरिकेतील जिलेट याच्या पद्धतीची पातळ पाती वापरावीत. १९०३ साली त्याची अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली होती, पण पुढच्याच वर्षी यंत्रांचा खप नव्वद हजारांवर गेला, कारण पाते गंजण्यापूर्वीच फेकून द्यावे या युक्तीपुढे गंजाचे काही चालत नाही. मामांनी ही सूचना नामंजूर केली. सुस्थितीतली चीज दर आठवड्यास खर्ची टाकण्याची प्रथा पडली तर जमाखर्चाला अर्थ राहणार नाही, असा शेरा त्यांनी मारला. दुसरी सूचना सिलिका जेलची. चिरंजिवांनी प्रयोगशाळेतून त्याचे निळे दाणे एका पुरचुंडीत आणले होते. ते हवेतले पाणी शोषतात, आणि त्यांत मिसळलेल्या कोबाल्टच्या क्षारामुळे भरले की गुलाबी होतात. मग ते तापवले म्हणजे पुन्हा निळे. पेटीत पुरचुंडी ठेवली. मुंबईच्या प्रयोगशाळेत जे दाणे आठवडाभर निळे राहत, ते दापोलीत दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी झाले. तव्यावर घालून परत निळे केले. संध्याकाळी परत गुलाबी. तिसऱ्या दिवशी मामी तवा हातात घेऊन ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, “हा साबुदाणा रोज दोनदा भाजायचा असेल तर त्याची खिचडी तरी करू दे.” ती योजना तेथेच बारगळली. मामींनी जाता जाता एवढेच सुचविले, की कपाटात एका वाडग्यात चुनकळी ठेवावी, त्यांच्या माहेरी सोवळ्याच्या पेटीत ठेवीत असत. चिरंजिवांनी तपासून सांगितले, की हे शास्त्रशुद्ध आहे, न विझलेला चुना पाणी ओढून घेतो. परंतु ही सूचना तज्ज्ञाकडून आलेली नसल्यामुळे मिसलीत तिला क्रमांक मिळाला नाही.

याच सुमारास मामांना मोठा दिलासा मिळाला तो अनपेक्षित ठिकाणाहून. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांना पाली वाङ्मयाचा नाद होता. आपल्या गोमंतकातल्या धर्मानंद कोसंब्यांनी ज्या ग्रंथांची ओळख मराठी वाचकांना करून दिली, त्यांतले ते रात्री-अपरात्री वाचीत बसत. त्यांनी सांगितले, की भिक्षूच्या आठ परिष्कारांत वस्तरा आहेच, पण विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वस्तरा, त्याची शिळा, त्याचे म्यान आणि बाकीचा सरंजाम यांची रीतसर परवानगीही आहे. आणि त्याच प्रकरणात गंजाविषयी जो मजकूर आहे तो ऐकण्याजोगा आहे. भिक्षूंना चीवर शिवण्यासाठी सुई मंजूर झाली. सुया गंजल्या. भगवंतांना कळविले, त्यांनी सुईसाठी नळी मंजूर केली. नळीतही सुया गंजल्या. नळीत किण्व भरण्याची परवानगी झाली. तरी गंजल्या. सातूचे पीठ भरावे. तरी गंजल्या. दगडाची पूड भरावी. तरी गंजल्या. पूड मेणाने माखावी. तेव्हा ती पूड फुटू लागली, म्हणून शेवटी तिला एक वेष्टन मंजूर झाले.

मामांनी हे दोनदा ऐकले. “म्हणजे मूळ हुकूम एक आणि दुरुस्त्या सहा,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ज्या पुरुषाने राज्य, पत्नी आणि पुत्र यांचा एका रात्रीत त्याग केला, दुःखाचे मूळ शोधून काढले आणि मारावर विजय मिळविला, त्यालाही मगधदेशीच्या पावसाळ्यात सुईच्या गंजापुढे एकामागून एक फेरहुकूम काढावे लागले, आणि एकदाही त्याने भिक्षूंवर खेकसून अर्ज दप्तरी दाखल केला नाही, हे मामांना संबोधीइतकेच थोर वाटले. आम्हांस मात्र त्यातले मेणाचे कलम महत्त्वाचे वाटले. कारण नळी, किण्व आणि पीठ हे सारे पहारेकरी अपुरे पडल्यावर मदतीला आले ते मेण, जे ओल शोषून घेत नाही, तिला नुसते दूर ठेवते.

उरली होती एकच जबानी, आणि ती घेण्याचे कोणाला सुचले नव्हते, कारण साक्षीदार दर पंधरा दिवसांनी मामांचे केस कापण्यासाठी मागल्या दाराने येत असे. गावचे नाभिक वयाने मामांच्या बरोबरीचे. त्यांची धोकटी उघडली असता आत वाटी, कैची, नऱ्हाणी, आरसा आणि एक वस्तरा. वस्तरा झिजून अर्धा झालेला, पण लख्ख. जबानी शब्दशः देतो.

प्रश्न : वस्तरा कशात ठेवता?

उत्तर : या धोकटीत.

प्रश्न : धोकटी कशाची?

उत्तर : चामड्याची, रावसाहेब.

(येथे मामांनी आमच्याकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले.)

प्रश्न : तेल कोणते लावता?

उत्तर : घरात असेल ते. नसेल तर नाही.

प्रश्न : मग गंजत कसा नाही?

उत्तर : गंजायला त्याला सवड कुठं आहे?

प्रश्न : श्रावणात तर गिऱ्हाईक नसते.

उत्तर : श्रावणात लोक दाढी करायचे थांबतात, मरायचे थांबत नाहीत. दहाव्याला मला जावंच लागतं.

या उत्तरानंतर काही काळ टाक चालला नाही. मग मामांनी साक्षीदारास प्रात्यक्षिक करण्यास सांगितले. नाभिकांनी आमची दाढी केली, पाते धुतले ते मुठीला पाणी लागू न देता, फडक्याने पुसले, खिळ्याच्या सांध्यात फडक्याचे टोक घालून तिथला थेंब टिपला, चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही अंगांनी सावकाश ओढले, आणि मग उघडेच मांडीवर ठेवून तंबाखू मळायला घेतली. तंबाखू मळून, तोंडात टाकून झाल्यावर त्यांनी वस्तरा मिटला. या तंबाखूच्या अवधीत पाते वाऱ्याने कोरडे होते हे चिरंजिवांच्या लक्षात आले. नाभिकांना त्यात सांगण्याजोगे काही वाटले नसावे.

निकाल आता स्पष्ट होता. मखमल, चामडे, खोबरेल आणि कपाट हे चौघे सेवेतून बरखास्त. सेल्युलॉइडची मूठ हद्दपार. सर्व पाती घासून, शिवणयंत्राचे तेल लावून, कारण ते खनिज असल्यामुळे खवट होत नाही, सुती फडक्यात गुंडाळून घरातल्या सर्वांत कोरड्या जागी ठेवावीत. ती जागा कोणती हे ठरविण्यासाठी चिरंजीव आर्द्रतामापक मागविण्याच्या विचारात होते, तोच मामींनी पापड वाढले. भाद्रपदातले पापड, आणि मोडले तर कडकन आवाज. हे पापड कोठे होते, या प्रश्नाला उत्तर मिळाले : चुलीशेजारच्या फळीवर, जिथे आमसुले, सांडगे आणि मिठाची बरणी असते. चिरंजिवांनी कागदावर हिशेब केला : २६ अंशांची, ९० टक्के दमट हवा नुसती ३५ अंशांपर्यंत तापली, तर एक थेंब पाणी न काढता तिची आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आत येते. म्हणजे व्हर्ननसाहेबांच्या मर्यादेच्या खाली. मामांनी त्याच क्षणी हुकूम लिहावयास सांगितला.

“वस्तरे?” मामी म्हणाल्या. “केस कापायचं हत्यार, माझ्या स्वयंपाकघरात, पापडांच्या शेजारी? अहो, आधी मला माहेरी पोचवा नि मग काय ते हुकूम काढा.”

घरातली एकच जागा कोरडी, आणि वस्तऱ्याला प्रवेश नाही अशीही घरातली एकच जागा, आणि या दोन्ही जागा एकच. या पेचापुढे रसायनशास्त्र थांबले, विनयपिटक थांबले, आणि मामा प्रथमच आपल्या खऱ्या क्षेत्रात आले. तीस वर्षांत त्यांनी बांधांचे, पाणंदींचे आणि गावठाणांचे शेकडो तंटे मिटविले होते. त्यांनी स्वयंपाकघराची चतुःसीमा मोजली, चूल ज्या भिंतीला लागून होती तिची जाडी काढली, आणि भिंतीच्या पलीकडे, माजघराच्या हद्दीत, नेमक्या चुलीच्या पाठीशी, हात लावला तर ऊब लागते असा एक कोनाडा शोधून काढला. ऊब स्वयंपाकघराची, जागा माजघराची, सोवळे अबाधित. मामींनी भिंतीला दोन्ही बाजूंनी हात लावून पाहिला आणि तडजोडनाम्यास संमती दिली. एवढे मात्र झाले, की कोरडी जागा निघाल्याची वार्ता घरात पसरताच आठ दिवसांत त्या कोनाड्यात काड्यापेट्या, धाकट्या नातवाची कॅमेऱ्याची भिंगे, आजीची तपकिरीची डबी आणि पोस्टाचे पासबुक यांनी वहिवाट सांगितली, आणि वस्तऱ्यांच्या वाट्यास मागची दोन बोटे जागा राहिली. त्यांचे त्यावाचून काही अडले नाही.

शुक्रवारचे पाते नाभिकांना देण्यात आले. त्यांनी ते महिनाभर निसण्यावर घासले, खड्ड्यांखालचे शाबूत पोलाद वर आणले, साधी लाकडी मूठ बसविली, आणि ते आपल्या धोकटीत टाकले. आता पाठीवर ‘शुक्रवार’ असे इंग्रजीत कोरलेला तो वस्तरा सोमवारी, गुरुवारी, अमावास्येला, श्रावणातल्या दहाव्याला, सर्व दिवशी गावभर चालतो आणि त्याच्यावर डाग नाही. मामांनी नियम केला, की दर शुक्रवारी आपली दाढी त्याच वस्तऱ्याने, नाभिकांकडूनच व्हावी. त्या निमित्ताने मुद्देमालाची तपासणी होते. नाभिक नेहमीचा दर घेतात. पहिल्याच शुक्रवारी मामींनी हे पाहिले आणि ते दाराबाहेर पडताच म्हणाल्या, “वस्तरा आपला, दाढी आपली, आणि पैसे मात्र त्यांना?”

मामांनी गालावरून हात फिरविला, मिसलीचे शेवटचे पान उघडले आणि आम्हांस सांगितले, “लिही. पैसे दाढीचे नव्हेत. पुसण्याचे.”